शस्त्रक्रियेचा हात आणि पिसांची माशी

वाचकांचे प्रश्न : शरीर आणि छंद

प्रश्न : मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठच्या एका गावात राहते. पावणेदोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे केमोथेरपी आणि रेडिएशन झाले. सध्या रोज लेट्रोझोलची एक गोळी चालू आहे. तपासण्या ठीक आहेत. मात्र बोटांची टोके अजून बधिर वाटतात आणि कामाचा ताण झाला की संध्याकाळी उजवा हात जड होतो. हिमाचलात नोकरीला असलेल्या भाच्याने दिवाळीला फ्लाय फिशिंगची काठी, रीळ आणि पिसांच्या माश्यांची, म्हणजे गळावर पिसे बांधून केलेल्या नकली माश्यांची, एक डबी आणून दिली. लहानपणी मी वडिलांबरोबर गळ टाकत असे, त्यामुळे हौस आहे. पण जाऊबाईंपासून शेजारणींपर्यंत सर्वांचे म्हणणे एकच : ज्या हाताने कळशी उचलायची नाही, त्या हाताने काठी कसली फिरवता? काठी कपाटावर पडून आहे. मी शिकावे का? आणि आपल्या नद्यांत हे जमते का?

उत्तर : काठी कपाटावरून खाली काढावी. मात्र पाण्यावर जाण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांची संमती घ्यावी आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून खांदा तपासून घ्यावा, कारण रेडिएशननंतर छातीचे स्नायू आखडतात आणि हात डोक्यापर्यंत पूर्ण जातो की नाही, हे आधी कळलेले बरे.

जाऊबाईंचे म्हणणे निराधार नाही, फक्त जुने आहे. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसीका द्रव परत वाहून नेणारे मार्ग कमी होतात आणि तो द्रव साचून हात सुजू शकतो. म्हणून अनेक वर्षे डॉक्टरच सांगत असत की, त्या हाताला जड काम नको. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या २४ स्त्रियांना लांबलचक ड्रॅगन बोटी वल्हवण्यास बसवले, आणि ज्या सुजेची धास्ती होती ती काही उद्भवली नाही. २००९ साली अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. या सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘हळूहळू’ हा आहे. आणि १९९६ सालीच अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यात एका स्त्री शल्यविशारदाने आणि एका स्त्री मत्स्यशिकाऱ्याने ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था सुरू केली, जी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना नेमके फ्लाय फिशिंगच शिकवते. तेव्हा आपल्या भाच्याने नकळत फार योग्य भेट निवडली आहे.

हीच पद्धत योग्य का, हे काठीच्या घडणीवरून कळेल. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा असतो. तो फेकला की दोरी त्याच्यामागे जाते. पिसांच्या माशीला वजनच नसते, म्हणून येथे जाड, आवरण चढवलेली दोरी स्वतःच्या वजनाने पुढे जाते आणि माशीला बरोबर नेते. मुठीच्या वर काठीचा क्रमांक छापलेला असतो. तो पाच असेल, तर त्या काठीच्या दोरीचे पहिले तीस फूट जेमतेम नऊ ग्रॅम भरतात. काठी आणि रीळ मिळून पाव किलोच्या आसपास, म्हणजे कळशीशी तुलनाच नको. जोर लावला तर दोरी उलट कोसळते. कोपर अंगाशी ठेवून, लाटणे धरतो तितक्याच हलक्या मुठीने काठी मागे न्यायची, दोरी मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे आणायची. तो क्षणभराचा थांबा हेच यातले सारे शिक्षण आहे. हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात मी हे तीन दिवस शिकलो. पहिल्या दिवशी तो थांबा न पाळल्यामुळे माझी माशी माझ्याच टोपीत दोनदा रुतली.

म्हणून आरंभ नदीवर नको, शाळेच्या मैदानावर करावा. दोरीच्या टोकाला गळ न बांधता लाल लोकरीचा तुकडा बांधावा. पहिला आठवडा दिवसाआड दहा मिनिटे, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. तरीही खांदा कुरकुरला, तर तेनकारा नावाची जपानी काठी पाहावी. तिला रीळ नसते, दोरी थेट शेंड्याला बांधलेली असते. आपल्या वडिलांची बांबूची काठी आठवत असेलच. तिचीच ही हलकी, घडी होणारी बहीण म्हणता येईल, आणि माझे प्रामाणिक मत विचाराल तर आपल्याला तीच अधिक सोयीची पडेल.

हातावर लक्ष ठेवण्यासाठी बांगडी हे उत्तम मापयंत्र आहे. सकाळी सहज फिरणारी काचेची बांगडी संध्याकाळी मनगटावर रुतू लागली, तर त्या दिवसाचा सराव जास्त झाला असे समजावे. त्याखेरीज पंधरवड्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कोपराच्या दहा सेंटिमीटर वर आणि दहा सेंटिमीटर खाली दोन्ही हातांचा घेर मोजून वहीत लिहावा. उजवा हात वहीतल्या पहिल्या नोंदीच्या तुलनेत दोन सेंटिमीटरने वाढलेला दिसला, तर थेरपिस्टकडे जावे. दाब देणारी बाही वापरायची की नाही, हे त्यांनी माप घेऊन ठरवावे. औषधाच्या दुकानातून अंदाजाने आणलेली बाही कधी कधी नुसतीच करकचते.

खरा धोका काठी फिरवण्यात नसून टोचण्यात आहे. सूज येऊ शकणाऱ्या हाताला छोट्या जखमेतूनही जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि बोटे बधिर असल्यामुळे गळ टोचलेला आपल्याला कळणारही नाही. प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मग रुतलाच तरी सहज निघतो, आणि माशालाही इजा कमी होते. माशी दोरीला बांधण्याचे बारीक काम घरी दिव्याखाली, सुईत दोरा ओवण्याच्या तारेच्या मदतीने उरकून चार-पाच तुकडे तयार ठेवावेत. चिलापीच्या पाठीवरचे काटे फार तीक्ष्ण असतात. ती उजव्या हाताने धरू नये, बरोबर नेलेल्या नातवाला सोडवू द्यावी. घरी परतल्यावर हात साबणाने धुऊन बोटे डोळ्यांनी नीट तपासावीत. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, टोपी आणि चष्मा हवाच. चष्मा उन्हापेक्षा स्वतःच्या गळासाठी.

लेट्रोझोलबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. या गोळीने हाडे विरळ होऊ शकतात, त्यामुळे शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरणे आपल्याला महागात पडेल. हिमाचलात लोक मांडीभर पाण्यात उभे राहतात. आपण काठावरच, सपाट जागी, शक्यतो स्टुलावर बसून गळ टाकावा. हाडांची घनता तपासली नसेल, तर ती पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आपल्या नद्यांत हे जमते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा येथे नाही, पण चिलापी, मरळ आणि खडस (महसीर) हे तिन्ही मासे हलणाऱ्या माशीवर झडप घालतात. खडस तर आपला घरचा. साईक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते आपल्याच दख्खनच्या नद्यांतून. तो लागला तर पाण्यात ओला धरूनच सोडून द्यावा. भातकापणीच्या सुमारास बांधावरचे नाकतोडे पाण्यात पडतात, म्हणून डबीतली हिरवट-तपकिरी, लांबट माशी आधी काढावी. कणकुंबीहून येणारी मलप्रभा पावसाळ्यात गढूळ आणि बेभरवशाची असते, शिवाय तो विणीचा काळ. दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीस जाऊ नये, देवळापुढच्या डोहातही गळ टाकू नये, आणि तलाव किंवा जलाशय असेल तर त्याचा ठेका कोणाकडे आहे, हे आधी विचारावे. विचारताना एवढे ध्यानात ठेवावे की, कन्नडमध्ये गळाला ‘गाळ’ म्हणतात. एका मित्राने ठेकेदाराचे ‘गाळ टाकू नका’ हे बोलणे ऐकून, आम्ही चिखल कशाला टाकू, असे त्याच्याशी तावातावाने भांडण काढले होते.

प्रश्न : निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या पात्रात मी आठवड्यातून दोनदा अनवाणी उभा राहून गळ टाकतो. वय ५९, मधुमेह पंधरा वर्षांचा, सकाळी इन्सुलिन घेतो. पायांना मुंग्या येतात. छंद सोडावा लागेल काय?

उत्तर : छंद नव्हे, अनवाणीपण सोडावे. मुंग्या येणे हे पायांच्या नसा दुबळ्या झाल्याचे लक्षण असू शकते. अशा पायात काच किंवा शिंपला रुतला तरी कळत नाही आणि भिजून मऊ झालेल्या कातडीची जखम चिघळत जाते. पाण्यात उतरण्याऐवजी काठावरून, बंद बूट घालूनच गळ टाकावा. आज पायाला भेग अथवा जखम असेल, तर ती भरेपर्यंत घरीच थांबावे. परतल्यावर तळवे आरशात पाहावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. इन्सुलिन घेतल्यावर न्याहारी न करता कधीही निघू नये. खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा असावा आणि बरोबर कोणीतरी असावे. घाम फुटला, हात थरथरले, तर मासा गळाला लागलेला असला तरी काठी खाली ठेवून आधी साखर तोंडात टाकावी. पायांची तपासणी या महिन्यातच करून घ्यावी.