वाचकांचे प्रश्न : झाडाची तहान खोडातच मोजता येईल का?

प्रश्न : इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमची पेरूची बाग आहे. जमीन भारी काळी असून पाणी ठिबकने देतो. उन्हाळ्यात भेगा पडल्या की जमिनीतला टेन्शिओमीटर (माती पाणी किती ओढून धरते हे मोजणारे उपकरण) भलतेच आकडे दाखवतो. खोडात बसणारे सेन्सर घ्यावेत, असे मुलाचे म्हणणे आहे. ते कसे बसवतात आणि त्यांच्या भरवशावर पाणी द्यावे का?

उत्तर : टेन्शिओमीटरचे टोक मातीला घट्ट चिकटलेले असेल तरच तो चालतो. माळव्याची काळी माती सुकताना आकसते, टोक उघडे पडून आत हवा शिरते. शिवाय साधारण ८० सेंटीबारच्या (सेंटीबार हे ओढ मोजण्याचे एकक) पुढची ओढ त्याला मोजताच येत नाही. पानांतून बाष्प उडत असताना मुळांपासून वर खेचल्या जाणाऱ्या पाण्याला किती ओढ बसते, हे खोडातला सेन्सर थेट लाकडातच मोजतो, त्यामुळे भेगांची अडचण त्याला येत नाही.

तो बसवण्यासाठी खोडाच्या सावलीच्या बाजूची, जुनी जखम किंवा गाठ नसलेली जागा निवडावी. तेथील सालीचा फक्त छोटा गोल तुकडा काढून धारदार ड्रिलने जिवंत लाकडापर्यंत छिद्र पाडतात, त्यात मऊ चिकणमातीचा लगदा भरून सेन्सर दाबतात, आणि हवा शिरू नये म्हणून कडा बंद करून वर चकचकीत उष्णतारोधक वेष्टन गुंडाळतात. हे वेष्टन अनेक जण अनावश्यक समजतात, परंतु उन्हाने खोड तापले की आकडे बिघडतात. उपकरण महाग असल्याने ते मोजक्याच झाडांत बसेल. म्हणून सर्वांत जोमदार किंवा कडेचे झाड न घेता बागेचे सर्वसाधारण चित्र दाखवणारे झाड घ्यावे, आणि त्याच्या ठिबकच्या तोट्या तुंबलेल्या नाहीत ना, हे आधी पाहावे.

भरवशाचे म्हणाल, तर किती पाणी द्यावे हे सेन्सर सांगत नाही. झाड किती ओढीत आहे एवढेच तो सांगतो, आणि तेही वजा आकड्यांत : आकडा जितका खाली, तितकी ओढ जास्त. मे महिन्यातील कोरड्या, तापलेल्या दुपारी भरपूर ओल असलेल्या झाडाचाही आकडा खाली जातो. म्हणून दुपारच्या आकड्याबरोबर पहाटेचाही पाहावा : रात्रभरात झाड पूर्ववत झाले असेल तर मुळांशी पाणी आहे, आणि पहाटेचा आकडाही दिवसेंदिवस घसरत असेल तर पाण्याची पाळी आली आहे. भारी जमिनीत मात्र आणखी एक धोका आहे. पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली की त्यांना पाणी ओढता येत नाही, आणि तेव्हाही सेन्सर तहानच दाखवू शकतो. अशा वेळी आकडा पाहून तोटी सोडणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. आधी मुळांजवळ हात-दीड हात खोदून वाफसा (माती ओलसर पण चिखल नसलेली स्थिती) आहे का, हे पाहावे.

माझ्या मते आपल्याला या उपकरणाचा खरा उपयोग मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुले, धरताना होईल. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून ताण देताना आपण आजवर पानगळीवरून अंदाज बांधतो. आता तो ताण किती खोल गेला, हे आकड्यांत दिसेल. पहिल्या वर्षी पानगळ आणि आकडा या दोन्हींची नोंद शेजारी शेजारी ठेवावी, कारण दुसऱ्या पिकासाठी ठरवलेली मर्यादा पेरूला जशीच्या तशी लावता येत नाही.

प्रश्न : अंगणातल्या मांडवावर द्राक्षवेल आहे, तिचे खोड मनगटाएवढेही नाही. छिद्र पाडल्यास वेलीला इजा होईल का? (इंदूर)

उत्तर : इतक्या बारीक खोडाला छिद्र न पाडणेच बरे. खोडाचा व्यास मोजणारे उपकरण बाहेरून बसते. खोड दिवसा किंचित आकसते आणि रात्री पुन्हा फुगते; मिलिमीटरच्या अंशांतला हा फरक ते टिपते. द्राक्षाची वरची साल सुटी आणि धाग्यांसारखी असते, तेव्हा ती मेलेली साल सोलून घ्यावी, आतल्या हिरव्या थराला नख लागू देऊ नये आणि सेन्सरचे टोक घट्ट भागावर टेकवावे. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर मात्र खोडाच्या आकसण्यावरून ताण ओळखणे अवघड होते. प्रेशर चेंबर (पानाच्या देठातून पाणी बाहेर येण्यास किती दाब लागतो हे मोजणारे यंत्र) उपलब्ध असल्यास दुपारी, आधी तासभर चकचकीत पिशवीत झाकून ठेवलेले पान तोडून त्याचा दाब मोजावा. द्राक्षात हा आकडा वजा १४ बारच्या खाली गेला तर ताण तीव्र समजतात. एकाच वेलीसाठी मात्र या खटाटोपापेक्षा शेंड्यांकडे लक्ष ठेवणे स्वस्त पडेल, कारण ताण वाढू लागला की वाढते शेंडे लवकर मंदावतात.