बाळाची सीट पुढे लावू का?

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. पुणे ते कोल्हापूर मी एकटीच गाडी चालवणार आहे. नजर राहावी म्हणून त्याची सीट माझ्या शेजारी लावली तर चालेल का?

उत्तर : नाही, ताई. या वयात सीटचं तोंड मागे असतं, त्यामुळे तिची पाठ डॅशबोर्डजवळ येते. एअरबॅग पापणी लवण्याआधी फुगते आणि नेमकी त्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. किरकोळ धडकेतही हा फटका जीव घेऊ शकतो.

सीट मागेच लावा. आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्ये असलेल्या कड्यांत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, मग बुडाशी धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली तर नीट बसलेली नाही. पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर अजून आवळा. बहुतेकांची चूक होते ती दुपट्यात. दुपटं किंवा जाड स्वेटर पट्ट्याखाली असला की धडकेत तो दबतो, पट्टा सैल पडतो आणि बाळ निसटतं. पांघरूण पट्ट्यांवरून घाला.

साताऱ्याला आणि कराडला थांबून बाळाला बाहेर काढा. रडलं तरी चालत्या गाडीत मागे वळू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा. आणि किमान १५ महिन्यांपर्यंत सीटचं तोंड मागेच ठेवा.