अँटिफ्रीझ प्रोटीनची पावडर विषारी असते का, आणि २८० ला रीडिंग शून्य का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंटर फ्लाउंडर माशातल्या टाइप १ अँटिफ्रीझ प्रोटीनच्या (माशांच्या अशा प्रथिनांचे प्रकार आहेत, त्यातला हा एक) पावडरीची व्हायल आलीय. ती गाडीतल्या अँटिफ्रीझसारखी विषारी आहे का, विरघळवून ठेवायची कशी, पेशी गोठवताना किती घालायची? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘२८० नॅनोमीटरला रीडिंग जवळपास शून्य आलं, व्हायल रिकामी पाठवली असेल का?’ मी उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या ओळीमुळे.

विषाचं आधी उरकतो. नाही, विषारी नाही. गाडीत घालतात ते इथिलीन ग्लायकॉल. पोटात गेलं तर शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. या प्रथिनाशी त्याचं नातं फक्त नावाचं आहे, आणि ते नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी पुढच्या सगळ्यांचा घोळ करून ठेवलाय. टाइप ३ मधला एक प्रकार तर यीस्टकडून तयार करून घेतात आणि युरोपात २००९ पासून तो आइस्क्रीमसारख्या पदार्थांत ०.०१ टक्क्यापर्यंत चालतो. ती परवानगी त्या एका प्रकाराला आहे, तुमच्या व्हायलला नाही, हे सांगायला नको.

ग्लायकॉल किंवा मीठ गोठणबिंदू उतरवतं ते विरघळलेल्या कणांच्या संख्येच्या जोरावर. हे प्रथिन तसं काहीच करत नाही. ते बर्फाच्या स्फटिकाला चिकटतं. दोन चिकटलेल्या रेणूंच्या मधून बर्फाला बाहेर फुगावं लागतं, आणि त्या वक्र पृष्ठभागावर पाण्याच्या नव्या रेणूंना बसणं अवघड जातं. त्यामुळे गोठणबिंदू खाली जातो, वितळणबिंदू जवळपास तिथेच राहतो. या दोहोंतलं अंतर म्हणजे थर्मल हिस्टेरिसिस. माशांच्या प्रथिनात ते साधारण १ अंशाच्या आसपास असतं, पिठातल्या टेनेब्रिओ किड्याच्या प्रथिनात ५ अंशांच्या वर जातं. समुद्राचं पाणी उणे १.९ ला गोठतं आणि उरलेलं काम रक्तातले क्षार करतात, म्हणून माशाला तेवढं पुरतं. त्या अंतराच्या खाली गेलात की बर्फ एकदम सुसाट वाढतो, आणि टाइप १ असेल तर सुयांच्या आकारात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता २८०. या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्यावरून प्रथिन मोजायची रीत आहे. तिथे प्रकाश शोषतात ती ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं, थोडंफार डायसल्फाइड (गंधकाचे जोड). विंटर फ्लाउंडरचं नेहमीचं टाइप १ प्रथिन ३७ अमिनो आम्लांचं. त्यातली ६० टक्क्यांहून जास्त नुसती ॲलनिन. ट्रिप्टोफॅन शून्य, टायरोसिन शून्य, फेनिलॲलनिनही शून्य. म्हणजे २८० ला शून्य हेच बरोबर उत्तर आहे! चांगलं भक्कम रीडिंग आलं असतं तर मी म्हटलं असतं की भेसळ आहे. तरी लोक विक्रेत्याला तक्रार करतात, नाहीतर ‘कमी दिसतंय’ म्हणून पावडर वाढवत जातात आणि मग पेशी मेल्या की प्रथिनाला दोष देतात. ‘२८० ला दिसत नाही म्हणजे प्रथिनच नाही’ असं ठामपणे सांगणारे अनुभवी लोक आहेत. त्यांनी अमिनो आम्लांचा क्रम एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढंच माझं म्हणणं. माशांची ग्लायकोप्रथिनंही अशीच, ॲलनिन-ॲलनिन-थ्रिओनिन आणि थ्रिओनिनवर साखर, २८० ला काही नाही. टाइप ३ मध्ये एकच टायरोसिन आहे, त्यामुळे मिलीलीटरला १ मिलिग्रॅम असेल तरी रीडिंग ०.२ च्या आसपास.

ब्रॅडफर्ड ही रंगाची चाचणीही इथे उपयोगाची नाही. तो रंग मुख्यतः आर्जिनिनला आणि सुगंधी वलयवाल्या अमिनो आम्लांना धरतो, इथे आर्जिनिन एक आणि वलयवालं एकही नाही. बीसीए ही दुसरी रंगचाचणी थोडी बरी, पण बीएसएच्या (गाईच्या रक्तातलं प्रथिन, तुलनेसाठी वापरतात ते) आलेखावर वाचलं तर आकडा तिरका येतो. रोजच्या कामाला २०५ नॅनोमीटर वापरा. तिथे अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंधच शोषतो. अशा वलयहीन प्रथिनाचं मिलीलीटरला १ मिलिग्रॅमचं शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये साधारण २७ धरतात, म्हणून ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत पातळ करा, ०.८ च्या आसपास यायला हवं. क्युव्हेट क्वार्ट्झची, ब्लँक (प्रथिनाशिवायचं रीडिंग) त्याच बफरचा, आणि बफर शक्यतो पातळ फॉस्फेट. ट्रिस (दुसरा एक बफर), क्लोराइड आणि विशेषतः सोडियम ॲझाइड (टिकण्यासाठी घालतात ते) या टोकाला स्वतःच शोषतात, आणि मग तुम्ही प्रथिन नाही, ॲझाइड मोजत बसता. वाद कायमचा मिटवायचा असेल तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश, २४ तास, आणि मग ॲलनिन मोजायचं.

तराजूवरही विसंबू नका. पेप्टाइड, म्हणजे हे छोटं प्रथिन, सिंथेटिक असेल तर वजनात पाणी आणि ट्रायफ्लुरोॲसिटेट धरलेलं असतं. पेप्टाइडचा खरा वाटा बऱ्याचदा ७० ते ८० टक्केच भरतो. शिवाय तो ट्रायफ्लुरोॲसिटेट पातळ बफरचा पीएच खाली ओढतो, पेशींना ते मानवत नाही.

‘मोजायचं कशाला, काम करतंय का ते बघा’ असंही सांगणारे भेटतील. बघा, पण नीट. स्प्लॅट चाचणीत १० मायक्रोलीटरचा थेंब दोनेक मीटर उंचीवरून कोरड्या बर्फावर थंड केलेल्या पत्र्यावर टाकतात, बर्फाची पातळ चकती मिळते. ती उणे ६ ला अर्धा तास ठेवायची आणि आडव्या-उभ्या पोलरायझरमधून बघायची. कंट्रोलमध्ये बर्फाचे कण मोठे होतात, प्रथिन असेल तिथे बारीकच राहतात. मात्र द्रावणात मीठ हवंच, अर्धा टक्का सोडियम क्लोराइड किंवा पीबीएस (खारट फॉस्फेट बफर). निव्वळ पाण्यात कणांच्या सीमांवर द्रव उरत नाही आणि ज्याचा बर्फाशी काही संबंध नाही असं प्रथिनही ‘काम करतंय’ असं दिसतं. बीएसए त्याच मात्रेत शेजारी लावा, म्हणजे फसणार नाही. आणि ही चाचणी मिलीलीटरला मायक्रोग्रॅम असले तरी उत्तर देते, तर हिस्टेरिसिस नीट दिसायला मिलिग्रॅम लागतात. तेव्हा ‘काम करतंय’ म्हणजे कोणतं काम, हे आधी ठरवा.

विरघळवणं सोपं आहे. व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, १५-२० मिनिटं, नाहीतर झाकण उघडताच हवेतली वाफ पावडरीवर बसते. पावडर तळाशी बसावी म्हणून एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, बफर घाला, हलकेच फिरवा. व्होर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) नको, फेस होतो आणि फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिन अडकतं. एका वापरापुरते छोटे वाटे (ॲलिकॉट) करून गोठवा. सोडियम फॉस्फेटमध्ये मात्र गोठवू नका. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली जातो. पोटॅशियम फॉस्फेट किंवा ट्रिस घ्या. तुमचं टाइप १ काटक आहे: गरम झालं तर त्याची हेलिक्स (मळसूत्री घडी) सैल होते, थंड केलं की परत येते. सगळेच असे नसतात. किड्यांच्या प्रथिनात डीटीटी हे रसायन गेलं की डायसल्फाइड तुटून खेळ संपला. हेरिंगच्या टाइप २ ला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलात की ते निकामी. फ्लाउंडरमध्येच एक अतिसक्रिय मोठं प्रथिन आहे, ते २००४ पर्यंत कुणाला सापडलं नव्हतं, कारण खोलीच्या तापमानालाच ते मरतं.

पेशींसाठी किती? एक आकडा देणार नाही, पेशीगणिक तो बदलतो. डीएमएसओ किंवा ग्लिसरॉल या पेशी गोठवतानाच्या नेहमीच्या संरक्षक द्रवांच्या जागी हे चालत नाही, सोबत घालायचं. मायक्रोग्रॅमपासून मालिका लावा, शून्याचा कंट्रोल सोडू नका. तांबड्या रक्तपेशींवर १९९२ मध्येच दिसलं होतं की थोडं प्रथिन घातलं तर गोठलेल्या पेशी वितळवताना ते फायद्याचं ठरतं आणि जास्त झालं की उलट पेशी फुटतात. कारण त्या सुया. प्रथिन जीवाणूकडून बनवून घेतलेलं असेल तर एंडोटॉक्सिनही (जीवाणूच्या आवरणातलं विष) तपासा.

हे आधी सांगायला हवं होतं: माशांची ॲलर्जी असेल तर माशातून काढलेली पावडर मास्कशिवाय उघडू नका, इतरांनीही ती हुंगू नये. कोरडा बर्फ बंद खोलीत नको. आणि टिकण्यासाठी ०.०२ टक्के ॲझाइड घातलं असेल तर त्या बाटलीतलं खरं विष ते आहे. पेशींना घालू नका, तांब्या-शिशाच्या नळांच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि वर सांगितलेल्या विश्लेषणासाठी थेट आम्लात तर टाकूच नका, हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ निघते. आधी डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या ट्यूबमधून, ॲझाइड काढा. ट्यूब १ किलोडाल्टनची घ्या, त्याहून मोठे रेणू आत राहतात. हे प्रथिन जेमतेम ३.३ किलोडाल्टनचं आहे, नेहमीच्या १२-१४ च्या ट्यूबमधून रात्रभरात निघून जाईल, आणि मग मात्र २८० काय नि २०५ काय, दोन्हीकडे शून्यच.