हलकं पिस्तूल, जास्त गोळ्या अन नेमबाजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही आर्वी तालुक्यातले, कापूस-सोयाबीनवाले. पोरगी नववीत आहे, मनू भाकरचं पॅरिसचं मॅच मोबाईलवर पाहिलं तेव्हापासून नेमबाजी शिकतो म्हणून मागं लागली आहे. ऑनलाइन एक पिस्तूल पाहिलं, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसच्या छोट्या बाटलीवर चालते, वजनानं हलकं आहे अन मॅगझिनमध्ये अठरा-वीस गोळ्या बसतात म्हणे. पोरीचा हात नाजूक म्हणून हलकं पायजे अन घडी घडी भरा लागू नये म्हणून जास्त गोळ्यांचं पायजे, असा विचार करून राहिलो. घेऊन टाकू का?
— एक पालक, ता. आर्वी

उत्तर: भाऊ, नका घेऊ. पोरीनं जो खेळ पाहून हे मनावर घेतलं त्या खेळात ते पिस्तूल चालतच नाही.

मनूला २०२४ मध्ये पॅरिसला दोन ब्राँझ भेटले, एक एकटीचं अन एक सरबजोत सिंगसोबत मिक्स्ड टीमचं, दोन्ही १० मीटर एअर पिस्तूलमधले. या प्रकारात एका वेळी एकच छर्रा भरायचा असा नियमच आहे, मॅगझिनचा विषयच येत नाही. पात्रता फेरीत ६० शॉट अन त्याला सव्वा तास, म्हणजे एका शॉटमागं सव्वा मिनिट आलं, त्यात छर्रा भरायला काही सेकंद लागतात, बाकी वेळ हात टेकवून श्वास सावरणं, हात उचलणं, साइट (नळीवरची नेम धरायची खूण) जुळवणं, अन नाही जमलं तर शॉट न मारता हात तसाच खाली घेणं यात जातो. हा हात खाली घेणं ज्या पोराला लवकर जमलं ते पुढं जाते, असं मी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नेहमी पाहतो. वीस गोळ्या भरून दिल्या तर ही सवय लागतच नाही, पोरगं धडाधड मारत सुटते, एक चुकला तर दुसऱ्यानं भरून काढू म्हणते. म्हणून तुमच्या पोरीला घडी घडी भरा लागलं तर लागू द्या, तिच्या फायद्याचं आहे.

आता त्या सीओटूवाल्या पिस्तूलाबद्दल. त्यातले बहुतेक बीबी, म्हणजे स्टीलच्या बारीक गोल गोळ्या मारतात अन नळी आतून गुळगुळीत असते. गोळीला फिरकीच भेटत नाही, मग १० मीटरवर ती कुठं लागंल याचा भरवसा नाही. स्पर्धेच्या पिस्तूलाच्या नळीत छर्ऱ्याला फिरकी देणारे आटे असतात अन छर्रा शिशाचा, चपट्या तोंडाचा, ४.५ मिमीचा असतो, तो कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते. शिसं मऊ, आदळलं का चपटं होते. स्टीलचा बीबी मात्र लोखंडावर, दगडावर, फरशीवर आदळून उलटा येते अन सरळ डोळ्यात जाऊ शकते, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. आणखी आपल्याकडचं ऊन पाहा. सीओटूचं प्रेशर गरमीनं चढते, भराभर मारलं तर बाटली थंड होऊन उतरते, म्हणजे पहिल्या अन दहाव्या शॉटचा वेग सारखा राहत नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत ती बाटली गाडीच्या डिक्कीत विसरली तर धोकाच. अन वरून ते दिसते हुबेहूब खऱ्यासारखं, एसटी स्टँडवर पोरीच्या पिशवीतून बाहेर आलं तर लोकं काय समजतील याचा विचार करा.

वजनाबद्दल तुमची काळजी बरोबर आहे, फक्त ती दुसऱ्या ठिकाणी लावा. नियमात एअर पिस्तूलचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम आहे, चांगली मॅच (स्पर्धेची) पिस्तूलं एक किलोच्या आसपास येतात, अन स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाउ या कंपन्यांची आखूड नळीची अन हवेच्या आखूड सिलिंडरची, थोडी हलकी मॉडेलं पण असतात, लहान पोरांसाठी तीच बरी. पण लईच हलकं पिस्तूल हातात थरथरते. पुढं थोडं वजन असलं का नळी शांत राहते, हे पोरीच्या हातात दोन पिस्तूलं एकामागं एक दिली तर पाच मिनिटात तिलाच समजंल. म्हणून काट्यावरचं वजन नका विचारू, ते वजन पुढं आहे का मागं हे पाहा, अन पोरीला हात सरळ धरून अर्धा मिनिट उभं राहू द्या, खांदा वर चढला किंवा कंबर मागं वाकली तर ते तिला जड आहे.

अन खरी निवड मुठीची करा. मॅच पिस्तूलची लाकडी मूठ हाताच्या साइजप्रमाणं येते, स्मॉल, मीडियम, लार्ज, अन उजव्या-डावखुऱ्याची वेगळी. डोळे मिटून पिस्तूल धरायचं, हात उचलायचा, डोळे उघडायचे: पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी मनगट वळवून ती मधात आणा लागत असंल तर मूठ बसली नाही, मग पिस्तूल कितीही महाग असो. हे एवढं महत्त्वाचं काहून, तर हिशेब पाहा. पुढची साइट अन मागची साइट यात साधारण ३३ सेंटीमीटर अंतर धरा. साइट एक मिलिमीटर जरी इकडं-तिकडं झाली तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर सरकते. टार्गेटवर एकेक रिंग ८ मिमीची अन मधला दहाचा गोल फक्त ११.५ मिमीचा, म्हणजे त्या एका मिलिमीटरनं तीन-चार पॉइंट गेले. उलट साइट जुळलेली आहे अन अख्खा हातच ५ मिमी हलला तर छर्रा पण ५ मिमीच हलते, दहाचा फार तर नऊ होईल. नवीन पोरं हात हलते म्हणून रडतात अन साइटकडं पाहतच नाहीत. नजर पुढच्या साइटवर, टार्गेटचा काळा गोल धुरकट दिसला तरी चालते, दिसलाच पाहिजे म्हणा ना.

ट्रिगर दाबायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे, स्पर्धेत वजन लटकवून तपासतात. ट्रिगर मेकॅनिकल घ्या. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लई सुंदर असते यात वाद नाही, पण आपल्या गावात तो बिघडला तर दुरुस्त कोण करंल? टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनूचंच पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं होतं अन तिचा लई वेळ त्यात गेला, तिथं तर सगळी टीम मदतीला होती.

हवेचं पण आताच विचारून घ्या, दुकानदार हे शेवटी सांगतात. मॅच पिस्तूलच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरा लागते, ती मोठ्या टाकीतून किंवा खास हातपंपानं, सायकलच्या-ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरनं होत नाही, तो प्रयोग कोणी करू नका. सिलिंडरवर तारीख असते, जुनं पिस्तूल घेताना ती वाचा. हवेची सोय नसंल तर एका झटक्यात हवा दाबून घेणारं, दर शॉटला लिव्हर ओढायचं पिस्तूल पण भेटते, त्याला टाकी लागत नाही, पण नववीतल्या पोरीला ते साठ वेळा ओढणं जड जाईल.

आता पैशाचं. बाहेरच्या देशातलं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढंच जाते. एका सीझनचं सोयाबीन विकून ते आणू नका, कळकळीनं सांगतो. आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, आपल्या जिल्ह्यात अन शेजारच्या जिल्ह्यात रेंज कुठं आहे ते विचारा, शालेय स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे, त्याची माहिती पण तिथंच भेटंल. शाळेत एनसीसी असंल तर पोरीला घाला, तिथं .२२ (इंचात नळीचं माप) रायफलची फायरिंग होते, बंदुकीजवळ कसं वागायचं ती शिस्त लागते. रेंजवर क्लबचं पिस्तूल वापरायला भेटते. तिच्या हाताची साइज, तिचा कोच काय म्हणते, हे सगळं कळल्यावर मग पिस्तूल.

प्रश्न: सर मी काटोलकडचा, वय २०, बीएला आहे. मला एअर नाही, खरं पिस्तूल पायजे टार्गेटसाठी. यूट्यूबवर ग्लॉक १७ पाहिलं, १७ गोळ्या अन वजन पाऊण किलोच्या आत. असं हलकं अन जास्त गोळ्यांचं लायसन्सवर भेटते का?

उत्तर: नाही भेटत, भाऊ. ग्लॉक १७ हे ९ मिमीचं आहे अन ९ मिमी आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) येते, साध्या नागरिकाला त्याचं लायसन्स मिळत नाही. शिवाय शस्त्र कायद्यात लायसन्ससाठी कमीत कमी वय २१ आहे. तुम्ही जे यूट्यूबवर पाहिलं, पळत पळत एकामागं एक टार्गेट पाडणं, तो आयपीएससी नावाचा वेगळा खेळ, तिथं मॅगझिनमध्ये जास्त गोळ्या असण्याला खरंच किंमत आहे कारण मॅगझिन बदलण्यात सेकंद जातात. पण त्या खेळात हँडगनचं काडतूस ९ मिमीपासूनच सुरू होते, म्हणून आपल्या इथं तो रस्ता तुमच्यासाठी बंद समजा.

ऑलिम्पिकमधलं खरं पिस्तूल म्हणजे २५ मीटरचं .२२. अन तिथं पण मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरतात. रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेट, पाच गोळ्या, आधी ८ सेकंदात, मग ६, मग ४ सेकंदात. विजय कुमारनं २०१२ ला लंडनला यातच सिल्व्हर आणलं. महिलांच्या २५ मीटरमध्ये आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं. सहावी गोळी या खेळात कामाचीच नाही.

हलकेपणाबद्दल तर उलटंच आहे. .२२ च्या पिस्तूलाला १४०० ग्रॅमपर्यंत परवानगी आहे अन बहुतेक नेमबाज त्याच्या बऱ्यापैकी जवळ जातात, कारण गोळी सुटली का पिस्तूल मागं-वर उसळते, अन पिस्तूल जितकं हलकं तितकं जास्त उसळते. चार सेकंदात पाच टार्गेट घ्यायचे असले तर नळी उसळून परत जागेवर किती लवकर येते यावरच सगळं असते. दोन रांगांचं जाडं मॅगझिन आलं का मूठ पण जाडी होते, बोट ट्रिगरवर नीट पोचत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीचं निर्भीक नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं होतं, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. काही पोरं विचारतात की टार्गेटला ते घेऊ का. ते स्वतःच्या रक्षणासाठी, पर्समध्ये मावेल असं बनवलेलं आहे, टार्गेटसाठी नाही.

तुम्ही आज काय करायचं तर एअर पिस्तूल. ४.५ मिमी बोअर अन २० ज्यूलपर्यंतच्या (ज्यूल म्हणजे छर्ऱ्याच्या जोराचं माप) एअर वेपनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं लायसन्स लागत नाही, मॅचचं एअर पिस्तूल तर ६ ज्यूलच्या आसपासच असते. ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या अन बिलाची कॉपी पिस्तूलाच्या पेटीतच ठेवा. जिल्हा अन राज्य पातळीवर खेळून स्कोअर तयार झाला की मग नेमबाजीच्या असोसिएशनच्या मार्फत .२२ चं रीतसर बोलता येते. बिना कागदाचं कोणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर त्याच्यापासून चार हात दूर राहा, एका केसमध्ये नाव आलं का पोलीस भरती, आर्मी भरती सगळं गेलं.

प्रश्न: पोराला एअर पिस्तूल घेऊन देतो, पण वावरात रानडुकरं लई त्रास देऊन राहिले, त्यांना हाकलायला पण तेच कामी येईल का?

उत्तर: नाही. ६ ज्यूलच्या छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होते, अन जखमी डुक्कर तुमच्याच अंगावर येते. वन विभागाच्या परवानगीशिवाय रानडुकरावर काही चालवणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, पाखरांवर छर्रे मारणं पण तसंच. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वन विभागाकडं करा, पंचनामा लवकर करून घ्या. तुमचा त्रास खरा आहे, पण पोराचं पिस्तूल त्यापासून वेगळंच राहू द्या.

प्रश्न: घरी प्रॅक्टिस कशी करायची? रेंज आमच्यापासून लई दूर आहे.

उत्तर: १० मीटर म्हणजे बत्तीस-तेहतीस फूट, गावाकडच्या लांब ओसरीत किंवा रिकाम्या गोदामात ते निघते. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा, मागं छर्रे पकडणारी लोखंडी पेटी, जिची आतली पत्री तिरपी असते, अन तिच्याही मागं पक्की भिंत. मधात दार नको, ज्यातून कोणी लहान पोरगं अचानक येईल. उघड्या आवारात, कुडाच्या भिंतीसमोर, गोठ्याकडं तोंड करून कधीच नाही.

पण घरी जास्त वेळ छर्रा न मारताच घालवा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फक्त साइट पाहत ड्राय ट्रिगर दाबायचा, ट्रिगर सुटताना साइट हलली का तेवढंच पाहायचं. काळा गोल समोर नसला का नजर आपोआप साइटवर राहते. बहुतेक मॅच पिस्तूलमध्ये ड्राय फायरची सोय असते, नसंल तर रिकामं पिस्तूल उगाच दाबू नका. पिस्तूल नसंल तर पाण्यानं अर्धी भरलेली बाटली धरून हात सरळ ठेवायचा सराव करा, वीस-वीस सेकंद, मधात आराम. सकाळी उन्हाच्या आधी करा, घामानं मूठ सरकते. अन शिशाचे छर्रे हाताळले का साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, लहान पोरांच्या बाबतीत तर यात ढिलाई नकोच.