नरकासुराचा हात का अडतो?

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे, गोव्यात डिचोलीला राहतो. दिवाळीच्या स्पर्धेसाठी उभारलेल्या आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचा तलवारीचा हात यंदा वरखाली हलवायचा आहे. बांबू, कागद, तलवार मिळून हात किलोभर भरतो. खांद्यात एमजी ९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) बसवला आणि त्याच्या वायरी थेट आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डला जोडल्या. हात थोडा उचलतो, थरथरतो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. प्रोग्राम तीनदा लिहून पाहिला. कुठे चुकतंय?

उत्तर : प्रोग्रामला हात लावू नकोस, तो बरोबर असणार. आधी मोजपट्टी घे. हाताचा तोल खांद्यापासून ५० सेंटिमीटरवर साधत असेल, तर हात आडवा असताना खांद्यावर ५० किलो-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो. तुझा सर्वो ६ व्होल्टला जेमतेम ११ देतो. अडलेला सर्वो दोन-अडीच अँपिअर मागतो आणि लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळतो अर्धा अँपिअर. व्होल्टेज पडतं, बोर्ड रिसेट होतो.

आमच्या वाड्यावर एका वर्षी मीही प्लास्टिकच्या गिअरची मोटर लावली होती. रात्री दोनच्या सुमारास दाते झिजले, हात लोंबला, आणि मुलांनी पहाटेपर्यंत तो दोरीने ओढला. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

भंगारवाल्याकडून गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर आण. तिच्यात वर्म गिअर (मळसूत्राने फिरणारं दातेरी चाक) असतो, तो भाराने सहसा उलटा फिरत नाही, म्हणून वीज गेली तरी हात धाडकन खाली येत नाही. शिवाय मोटर उलटसुलट फिरवायची गरजच नाही. वायपर काचेवर मागे-पुढे जातो, पण मोटर एकाच दिशेने फिरते. काम दांड्याचं असतं. मोटरच्या आसावर ६ सेंटिमीटरची पट्टी, खांद्यावर १२ सेंटिमीटरची, दोन्ही जोडायला लांब सळी. हात साधारण ६० अंशांत वरखाली होईल. खांद्याच्या मागच्या बाजूला वाळूची बाटली बांध, म्हणजे मोटरवरचा बराच भार हलका होईल. हे काम इलेक्ट्रॉनिक्सचं नाही, पण यानेच निम्मा प्रश्न सुटतो.

पूर्ण १२ व्होल्टवर हात फार भराभर हलेल. वेग कमी करायला आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम पिनवरून (ती झपाट्याने चालू-बंद होते) आयआरएलझेड ४४एन मॉसफेट, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चालव. आयआरएफ ५४० घेऊ नकोस, तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही आणि तापतो. मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) आणि ग्राउंड (ऋण टोक) यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर बोर्ड सुरू होताना हात अचानक उसळेल आणि खाली उभ्या मुलाला लागेल. मोटर तुटक चालताना उसळणारी उलटी वीज जिरवायला मोटरला समांतर, उलटा, शॉटकी डायोड लाव. सगळे १एन४००७ सुचवतात, पण तो १ अँपिअरचा आणि पीडब्ल्यूएमसाठी संथ आहे. १० अँपिअरचा एमबीआर १०४५ घे. बॅटरी आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड एकत्र जोड. बऱ्याच वायपर मोटरींचं आवरण आतून ऋण टोकाला जोडलेलं असतं, म्हणून मोटर आणि लोखंडी सांगाडा यांच्यात लाकडाची फळी घाल.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी स्पर्धेपुरती चालेल. धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज लाव. आपल्याकडच्या दमट हवेत वायरींची टोकं नुसती पिळून ठेवू नकोस. सोल्डर कर, वर स्लीव्ह चढव.

आणि एक काम तुझ्याच अंगावर घे. पहाटे नरकासुर जाळण्याआधी बॅटरी, मोटर, बोर्ड काढायचे. आगीत बॅटरी फुटून ॲसिड उडतं. म्हणून मोटर आजच पंखनटांवर बसव, म्हणजे झोपाळलेल्या डोळ्यांनी, पाना न शोधता, दोन मिनिटांत सुटेल.