‘मला इंग्रजी येत नाही, मुलाचा अभ्यास कसा घेऊ?’

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. इंग्रजी माध्यम, स्टेट बोर्ड. आम्ही दोघं मराठी माध्यमात शिकलो. मी दादरला नोकरी करते, भांडुपला घरी पोचायला साडेसात होतात. मिस्टरांची शिफ्ट असते. जेवणं उरकून अभ्यासाला बसतो आणि रोज शेवट रडारडीतच होतो. शाब्दिक उदाहरण आलं की तो गप्पच होतो. पालकसभेत बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीतच बोला. सासूबाई दिवसभर घरी असतात, पण त्या जेमतेम शिकलेल्या. ट्यूशन लावू का?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, ट्यूशनचं शेवटी बघू. आधी शाब्दिक उदाहरणांचं, कारण रडारडीचं मूळ बहुधा तिथंच आहे.

पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याला तोंडी, मराठीत विचारा : ‘आजीने 50 लाडू केले. एका डब्यात सहा भरले, तर किती डबे भरतील आणि किती लाडू उरतील?’ तो ‘आठ डबे, दोन उरले’ म्हणाला, तर त्याचं गणित कच्चं नाही. तो अडतोय ते ‘इक्वली’, ‘रिमेनिंग’, ‘इन ऑल’ अशा शब्दांपाशी. चौथीच्या गणितात हेच शब्द फिरून फिरून येतात. त्यांची छोटी वही करा, समोर मराठीत अर्थ लिहा. मराठीतही अडला, तर मात्र भागाकारच पक्का नाही. मग काही दिवस इंग्रजीला हात लावू नका. पाढे म्हणा, शेंगदाणे घेऊन वाटण्या करा, भाजीवाल्याकडे ‘पाव किलो भेंडी 25 रुपये, मग किलो कितीला?’ हे त्यालाच विचारा.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मराठी माध्यमाचं चौथीचं गणित फोनवर घेऊन ठेवा आणि लोकलमध्ये बसायला मिळालं की चाळा. कुठलं उदाहरण कसं समजवायचं, ते तुम्हाला तुमच्या भाषेत कळेल.

‘घरी इंग्रजीतच बोला’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. तुम्ही अडखळत इंग्रजी बोलायला लागलात, तर त्याला इंग्रजीही नीट मिळणार नाही आणि तुमच्याशी मोकळेपणी बोलणंही राहून जाईल. मराठीत भरपूर बोला, त्याला ‘का?’ विचारा, पूर्ण वाक्यात उत्तर देऊ द्या.

आणि सासूबाईंना असं बाजूला का ठेवलंय? चौथीला इतिहासात शिवराय आहेत. पोरगा 1659 मधल्या प्रतापगडाच्या भेटीची उत्तरं इंग्रजीत घोकतोय आणि घरात आजी बसून आहे! तो शाळेतून आला की ती गोष्ट त्यांना सांगू द्या. रात्री तुम्ही एवढंच विचारा : महाराजांनी खानाला प्रतापगडाशीच का बोलावलं? जावळीचं दाट जंगल, अवघड वाटा, तिथे खानाची मोठी फौज काय कामाची, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगेल. मग पुस्तक उघडा. माणसं, गड, प्रसंग सगळं ओळखीचं झालेलं असेल, उरेल ती फक्त इंग्रजी वाक्यं.

अभ्यास जेवणाआधी घ्या, तो पेंगुळण्याच्या आत. कुकर लावा आणि तिथेच ओट्याजवळ त्याला बसवा. अर्धा-पाऊण तास पुरे. चुकलेलं उत्तर तुम्ही खोडून लिहून देऊ नका. नाहीच जमलं, तर डायरीत सरळ मराठीत लिहा : ‘हे उदाहरण त्याला समजलं नाही, कृपया वर्गात पुन्हा समजावून सांगावे.’ वही रोज पूर्ण दिसली, तर तो कुठे अडतोय हे बाईंना कळणार कसं?

मिस्टरांची सुट्टी असेल त्या दिवशी अभ्यास त्यांच्याकडे. त्यांनाही मराठी येतं.

आता ट्यूशन. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. तेव्हाही भागाकार अडत असेल तर लावा, पण आधी एक दिवस तिथे जाऊन बसा. मोजकी मुलं हवीत आणि शिकवणाऱ्या ताई त्याला ‘हे तू कसं केलंस?’ असं विचारणाऱ्या हव्यात. नुसता शाळेचा गृहपाठ पुरा करून पाठवत असतील, तर तिथे फी भरू नका.