आतला फोरस्टे कुठे बसवायचा? आधी मागून कोण ओढते ते पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलं की गोसीखुर्दच्या पाण्यावर २४ फुटी जुनी फायबरची शिडाची बोट आहे, डोलकाठी ९ मीटरची, फोरस्टे (काठीले पुढून धरणारी तार) अगदी शेंड्याहून येते, अन् उन्हाळी वाऱ्यात छोटं जीब (पुढचं तिकोनी शीड) लावायले आतला फोरस्टे, म्हणजे त्याच्या मागे दुसरी तार, स्प्रेडरपासून (काठीच्या मधातल्या आडव्या दांड्या) पुढच्या डेकच्या मधोमध आणायचा विचार आहे. तसं नका करू.

काठीच्या मध्यावर तुम्ही पुढे ओढणार, मग त्याच उंचीवर मागे कोण ओढणार? बॅकस्टे, म्हणजे मागून ओढणारी तार, तर शेंड्याले आहे. मागचे लोअर श्राउड (काठीच्या मधातून बाजूले खाली येणाऱ्या तारा) असले तर थोडंफार सांभाळतात, पण जोराच्या झोतात काठी मधातून पुढे वाकते न मग रनर (मागे दोन्ही बाजूले बांधायच्या, सोडता-आवळता येणाऱ्या तारा) लावावे लागतात, अन् दर वळणाले एक सोडा दुसरा आवळा, एकट्या माणसाचं ते काम नाही.

वर लावायचाच असेल तर मुख्य फोरस्टेले जवळपास समांतर ठेवा. तुमचा फोरस्टे काठीपासून ३ मीटर पुढे उतरते असं धरा, तर ६.६ मीटर उंचीवरून निघालेला आतला स्टे २.२ मीटरवर उतरेल, म्हणजे पुढच्या टोकापासून ८० सेंमी मागे. रनर याले बी लागतातच. म्हणून मी तर म्हणतो शेंड्याच्या थोडं खाली न फोरस्टेच्या लगेच मागे, काढता येणारा सोलेंट स्टे लावा, तिथं बॅकस्टेच काम करते. तोटा एकच, दोन तारांतली फट कमी असल्यानं वळताना जेनोआ (पुढचं मोठं शीड) अडकते, गुंडाळून घ्यावा लागते.

आता खालचं, खरा घोळ इथंच होते. ४ एमएमची १×१९ वायर (१९ बारीक तारा पिळलेली) तुटायले दीड टनाच्या आसपास ताण लागते, नुसत्या डेकले बोल्ट मारून तेवढं कोण धरणार? टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) आवळताना डेकवर आडवी सरळ पट्टी ठेवून पाहा, खालची फट वाढत गेली की डेक वर उचलून राहिला समजा, पुढचं झाकण बी अडकायले लागते. अँकर लॉकरची (नांगर ठेवायच्या कप्प्याची) भिंत जिथं आहे तिथंच चेनप्लेट (स्टे अडकवायची पट्टी) घ्या, भिंत नसेल तर डेकखालून टाय रॉड (ताण खाली बोटीच्या अंगाले नेणारी सळई), अन् तो स्टेच्याच रेषेत पाहिजे, तिरपा नाही. ट्रॉल्या बनवणारा वेल्डर प्लेट मस्त करून देते, गोड्या पाण्यात ३०४ स्टील बी चालते, फक्त साध्या लोखंडाची नको.

छिद्र पाडायच्या आधी साध्या दोरानं स्टे बांधून हलक्या वाऱ्यात जीब चढवून पाहा, शीट (शीड ओढायचा दोर) श्राउडले घासते का ते तेव्हाच कळते. आणि काठी उभी करताना वरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारा पाहा राजेहो, ॲल्युमिनियमची काठी आहे ती! वादळ दिसलं तर कोणताच स्टे कामाचा नाही, सरळ शिडं उतरवा.

अँकर लॉकरचा आतून न काठीच्या शेंड्याचा फोटो टाका, मग छिद्रं कुठं घ्यायची ते सांगतो.